खाटेखालचं उत्तर

हाथिर महिना, तारीख ९

ति. हेरासताईस धाकट्या दिदिमेचा सा. न. वि. वि.

ताई, हे पत्र बसून वाच. आपला कोप्रेस काल सकाळी गेला. चार दिवस ताप होता. पाचव्या दिवशी अंग गार लागलं म्हणून मी आनंदाने मसुराची पातळ आमटी ठेवायला चुलीपाशी गेले, आणि वाटी घेऊन परत येते तो सगळं संपलेलं. बावीस वर्षांचा मुलगा गं. गेल्या आठवड्यात कालव्यावरच्या रहाटाचे लाकडी दात बसवत होता आणि बैलाला शिव्या देत होता.

रडून झालं, आता कामाचं लिहिते. कोप्रेसचं नाव वसंतातल्या बाप्तिस्म्याच्या यादीत होतं, हे तुला मी कळवलंच होतं. पाणी मिळण्याआधीच तो गेला. आमच्या मंडळीत अशा माणसाला वाऱ्यावर सोडत नाहीत. त्याला खाटेवर निजवतात, त्याच्या घरचं कुणीतरी खाटेखाली पडून राहतं, मंडळीचे वडील येऊन मेलेल्याला तीन प्रश्न विचारतात आणि खालचं माणूस त्याच्या वतीने तीनदा हो म्हणतं. मग पाणी घालतात. तुमच्या शहरातली मंडळी याला हसतात, मला माहीत आहे. होरिओन भावोजी तर तिथे मंडळीला धर्मग्रंथ वाचून दाखवणारे वाचक, ते कपाळाला हात लावतील. पण आमच्याकडे हे आईच्या वेळेपासून चालत आलंय. हे झालं नाही तर कोप्रेसला आपल्या लोकांच्या जागेत माती मिळत नाही. मग गावाबाहेर, उकिरड्यापलीकडच्या वाळूत, बेवारशांना टाकतात तिथे न्यायचा. आईने ज्या उकिरड्यावरून त्याला उचलून आणलं आणि ज्याच्यावरून त्याचं नाव ठेवलं, तिथेच परत. ते मी जिवात जीव असेपर्यंत होऊ देणार नाही.

त्याच्या रक्ताचं कुणी नाही, म्हणून मी जरा घुटमळले होते. वडील पेकुसिस म्हणाले, की ह्या घरात रक्त कोण विचारतो, इथे सगळी एका बापाची लेकरं, तू बहीण आहेस तेवढं पुरे. तेव्हा उद्या दुपारी मी खाटेखाली. खाट आईचीच आहे. लहानपणी तू तिच्याखाली लपायचीस आणि तुझे पाय बाहेर राहायचे. आता माझी कंबर तिथे कशी मावते ते बघायचं.

उद्या दुपारी माझ्यासाठी दोन शब्द प्रार्थनेत घाल. तुझ्या मनातली माझी जागा आहे तशी राहू दे.

तुझी दिदिमे


हाथिर, तारीख १५

चि. दिदिमेस हेरासचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र आज सकाळी मीठ घेऊन आलेल्या होडीवाल्याने आणून दिलं. मी दारातच वाचलं. बसून वाच म्हणालीस ते नंतर कळलं.

काय लिहू? भाऊ होता आपला. तीन वर्षांपूर्वी आठ दिवस राहून गेला तेवढंच. आमच्या विहिरीचं चाक करकरायचं, ते त्याने न सांगता नीट करून दिलं. जाताना माझा हात घेऊन कपाळाला लावला आणि ताई, येतो म्हणाला. होरिओन म्हणाले, की मुलगा फार अबोल आहे. मी म्हटलं, आमच्या घरात सगळी बडबड दिदिमेच्या वाट्याला आली, इतरांना उरली नाही.

हे पत्र पोचेल तेव्हा तुझं खाटेखाली जाणं होऊन गेलेलं असेल, तरी बोलल्याशिवाय राहवत नाही. हा काय गावंढळपणा चालवलाय तुम्ही? मेलेल्याच्या वतीने जिवंत माणसाने हो म्हणायचं, म्हणजे देवाला काय कळत नाही का? पण असो. झालं ते झालं. निदान कोप्रेस उकिरड्याकडे जाणार नाही, हे ऐकून मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

होडीवाल्याबरोबर एक तलम कापड पाठवते आहे. पुरायच्या आत पोचलं तर त्याच्या तोंडावर घाल. शेवटी तो काही बोलला का, ते मात्र लिही. पाणी मागितलं, कुणाचं नाव घेतलं, जे असेल ते.

होरिओनचा आशीर्वाद. स्वतःला जप, वेळेवर जेव.

तुझी ताई


हाथिर, तारीख ११

ति. ताईस सा. न. वि. वि.

आधीच्या पत्राचं उत्तर यायच्या आत हे दुसरं लिहिते आहे, कारण आता लिहिण्यावाचून मला गत्यंतर नाही. मला बोलता येत नाही. घाबरू नकोस. घसा दुखत नाही, ताप नाही, फक्त तोंड उघडलं की नुसती हवा येते.

काल दुपारी मी खाटेखाली शिरले. ऊन दारातून आत आलेलं होतं, सगळं लख्ख दिसत होतं, वडिलांच्या वहाणा, पाण्याचा रांजण, बायकांच्या वस्त्रांचे काठ. वरून खाटेच्या दोऱ्या कोप्रेसच्या वजनाने माझ्या नाकापर्यंत खाली आल्या होत्या. वडिलांनी पहिला प्रश्न विचारला, की तू अंधाराचं नाव टाकतोस का. मी हो म्हटलं. दुसरा विचारला, की ह्या बापाचा मुलगा होतोस का. मी हो म्हटलं. तिसरा प्रश्न तुला ठाऊक आहे, की ह्या घरासाठी तू आपल्या आईला आणि बापाला सोडून येतोस का. मी हो म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात वरून उत्तर आलं, की आधी आईला विचारा.

ताई, आवाज माझाच होता. पण मी बोलले नव्हते. माझे ओठ दोऱ्यांना टेकले होते आणि त्या दोऱ्या बोलताना छाती हलते तशा हलल्या.

सगळ्यांना वाटलं, दिदिमेच बोलली. वडील वाकून रागावले, की हे काय नवीन. मी खालून मान हलवत राहिले, पण आवाज फुटेना. तेव्हापासून तो फुटलेलाच नाही. पाणी घालायचं राहिलं. तिसऱ्या होशिवाय ते घालत नाहीत. कोप्रेसला आतल्या खोलीत, प्रेत सुकवायच्या खारात ठेवलंय.

तू तिथे मोठ्या लोकांत वावरतेस, कुणाला काही विचार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

दिदिमे


हाथिर, तारीख १८

चि. दिदिमेस आशीर्वाद, वि. वि.

तुझं दुसरं पत्र माझं उत्तर निघून गेल्यावर आलं. दोनदा वाचलं. मग होरिओनना दिलं. ते हसले. मला हसू आलं नाही, रागच आला.

अगं, चार रात्री जागरण, पोटात अन्न नाही, वर ते प्रेत आणि खाली तू. बोललीस तूच, तुला कळलं नाही एवढंच. लहानपणीही झोपेत बडबडायचीस आणि सकाळी कानांवर हात ठेवायचीस. मध आणि शिरका कोमट करून गुळण्या कर. बोलणं बंद झालंय ते भीतीने. तुझ्यासारख्या बडबड्या बाईला दोन दिवस गप्प बसावं लागलं, शेजारणी देवाचे आभार मानत असतील.

आणि आईचं म्हणशील, तर आपली आई जाऊन अकरा वर्षं झाली. तिला काय विचारायचं? फारच असेल तर तिच्या थडग्यावर जा, नेहमीसारखं जेवण कर, तिला सांगून ये. तिनेच वाढवला त्याला. दुसरी कुठली आई? उकिरड्यावर मूल ठेवून जाते ती काय आई म्हणायची? तिचं नाव कुणी काढायचं कारण नाही. वडिलांना सांग, की तिला मधे आणू नका.

तो नेमका कसा म्हणाला, तेवढं मला नीट लिही. रागाने म्हणाला का? की नुसतंच, मुलं विचारतात तसं?

तुझी ताई


खोयाक महिना, तारीख २

ति. हेरासताईस सा. न. वि. वि.

तुझ्या म्हणण्याप्रमाणे आईच्या थडग्यावर गेलो. वडील पेकुसिस, मी आणि मंडळीतल्या चौघी. भाकरी, कांदे, सुकट नेली, थडग्यावर पाणी ओतलं, जेवलो, आईला सांगितलं. परत येऊन खाटेपाशी तिसरा प्रश्न पुन्हा विचारला. ह्या वेळी खाटेखाली कुणी नव्हतं. माझं तोंड सगळ्यांसमोर बंद होतं. उत्तर आलं, की ही नव्हे.

चौघींपैकी दोघी उठून गेल्या त्या अजून आलेल्या नाहीत. वडील गेले नाहीत.

तू विचारलंस, तो कसा म्हणाला. रागाने नाही. पोरं दारात उभी राहून, मी जाऊ का, असं विचारतात ना, तसं.

आता इथलं सांगते म्हणजे तुला कळेल. माझा आवाज आतल्या खोलीत आहे. अंगणातून कुणी मला हाक मारली, की तिकडून आले असं उत्तर येतं. मी अंगणातच उभी असते. पहिले दोन दिवस मी दर वेळी आत धावत गेले, मग सवय झाली. पलीकडच्या तापसोईने भिंतीवरून विचारलं, की खमीर आहे का गं. आतून आवाज आला, की संपलंय. आणि खरंच संपलं होतं. ती बाई मुकाट्याने निघून गेली आणि संध्याकाळी मला कोळशाने भिंतीवर खूण करून दाखवली, की तुझ्या घराशी माझा संबंध नाही. कोंबड्या त्या दारासमोरून जात नाहीत. खार पंचवीस दिवसांत काळा पडायला हवा होता, तो होता तसा पांढरा कोरडा आहे. कोप्रेसचा चेहरा आत्ताच अंघोळ करून आल्यासारखा ओलसर आहे.

वडील म्हणतात, चाळीस दिवसांच्या वर थांबता येत नाही. खोयाकच्या अठराव्या तारखेपर्यंत तिसरं उत्तर मिळालं तर पाणी आणि आपली माती. नाही तर वाळू. त्यांनाही वाईट वाटतंय, पण ते म्हणतात, की अर्धा जन्मलेला माणूस मी भावांमध्ये कसा पुरू.

ताई, मला बोलता येत नाही म्हणून मी दिवसभर आठवत बसते. आईने कोप्रेसला आणला त्या सकाळी मी तिच्याबरोबर होते. मी सात वर्षांची होते. आपण गोवऱ्यांना जाऊ म्हणाली. गोवऱ्या वेचायला गेलेलं माणूस इकडेतिकडे बघत जातं. आई कुठेही बघत नव्हती. ती सरळ गेली, फुटक्या रांजणांच्या मागे वाकली आणि त्याला उचललं. तो निळ्या ओढणीत होता. तशी ओढणी मी आधी पाहिली होती, पण कुणाच्या डोक्यावर ते तेव्हा आठवलं नाही.

त्या वर्षी तू चार महिने आत्याकडे होतीस. तुझी प्रकृती बरी नव्हती, असं मला सांगितलं होतं. ताई, तुला काय झालं होतं?

तू जे लिहिशील ते मी जाळून टाकीन. पण लिही. माया करत राहा.

दिदिमे


खोयाक, तारीख ८

चि. दिदिमे,

आशीर्वाद देण्याची माझी लायकी आहे का नाही, ते हे वाचून तू ठरव.

हो. ओढणी माझी होती.

त्याचा बाप कोण, ते सांगून आता काही उपयोग नाही, तोही गेला. आत्याच्या घरी मागच्या दालनात मी बाळंत झाले. आपले बाबा आले. घरच्या पुरुषाने मूल जमिनीवरून उचललं तर ते घरचं, हे तुला माहीत आहे. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि हात मागे बांधून उभे राहिले. मग म्हणाले, की उजाडायच्या आत. मीच घेऊन गेले. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला मन होईना. फुटक्या रांजणांच्या मागे ठेवलं, तिथे वारा लागत नव्हता. मी त्याला सांगितलं, की थांब हं, येते मी. का सांगितलं, माहीत नाही. मग घरी येऊन आईला फक्त जागा सांगितली. ती तुला घेऊन गोवऱ्यांना गेली. बाबांनी मानून घेतलं, की मंडळीतल्या बायका परक्यांची मुलं उचलतात तशी हिनेही उचलली, आणि उकिरड्याचं नाव ठेवल्यावर त्यांनीही विचारलं नाही.

मग सात महिने मी त्याची ताई झाले. आई माझ्या छातीवर कोबीची पानं घट्ट बांधायची, दूध आटावं म्हणून, आणि माझ्यासमोर त्याला शेळीचं दूध पाजायची. तो रडला की माझं अंग ओलं व्हायचं. एकदाही मी त्याला बाळा म्हटलं नाही. लग्न होऊन इकडे आले तेव्हा सुटले असं वाटलं. इथे मंडळीत वडील म्हणायचे, की ह्या घरात कुणी कुणाची आई नाही, कुणी मुलगा नाही, सगळे भाऊबहिणी. ते ऐकून मला केवढं हायसं वाटलं, तुला कसं सांगू. मी खोटं बोलतच नाहीये, देवाच्याच घरात मी त्याची बहीण आहे, असं बावीस वर्षं मनाला सांगत आले. तो आठ दिवस इथे राहिला, तेव्हा मी रोज त्याला वाढलं आणि रोज ताई म्हणवून घेतलं.

काल होरिओनना सांगितलं. ते दोरखंड वळत होते. हातातला पीळ तसाच धरून बसून राहिले. अजून बोललेले नाहीत.

हे पत्र घोड्यावरच्या माणसाबरोबर पाठवते आहे, म्हणजे वडील थांबतील. मागोमाग मी होडीने निघते. जाळू नकोस हे. वडिलांना वाचायला दे.

एक गोष्ट मात्र मला भेडसावते. ते मला विचारणार, की तू आई, तर तू ह्याला सोडतेस का. माझ्या एका होवर त्याची माती आहे. आणि दिदिमे, तो हो मी बाबांपुढे आधीच एकदा म्हणून बसले आहे.

हेरास


खोयाक, तारीख २४

ति. ताईस दिदिमेचा सा. न. वि. वि.

तू पोचलीस, असं होडीवाला म्हणाला. घरी आल्यापासून कुणाशी बोलत नाहीस, असंही म्हणाला. भावोजींनी तुझ्यासाठी चूल पेटवून ठेवली होती, हेही त्यानेच सांगितलं. तेव्हा मला तुझी थोडी कमी काळजी वाटते आहे.

तू त्या दुपारी निघून गेलीस, त्यानंतरचं तुला माहीत नाही, म्हणून हे पत्र. मी कालव्यापर्यंत तुझ्यामागे धावले होते, पण मला हाक मारता येत नव्हती, आणि तू मागे वळून पाहिलं नाहीस.

तू जे बोललीस त्याची तुला लाज वाटत असेल, तर ती टाकून दे. भर मंडळीत वडिलांनी विचारलं, की हेरास, आई म्हणून तू ह्याला सोडतेस का. आम्ही सगळे धरूनच चाललो होतो, की तू हो म्हणणार. त्यासाठीच तर आली होतीस. तू खाटेची कड दोन्ही हातांनी धरलीस आणि म्हणालीस, की नाही. एकदा सोडला, आता देणार नाही, देवालाही नाही. मग तोंडावर पदर ओढून बाहेर पडलीस.

मी कालव्यावरून परत आले तेव्हा वडील पाण्याचा तांब्या खाली ठेवत होते. ते म्हणाले, की संपलं, आता वाळू. बायका उठायला लागल्या. मी उंबऱ्यातच होते. आणि खाटेवरून हो आलं.

एकच शब्द. स्पष्ट. आणि ताई, ह्या वेळी आवाज माझा नव्हता. तुझा होता. आत्ताचा नाही, तुझ्या लग्नाआधीचा, आत्याकडे जाण्याआधी तू मला झोपवताना बोलायचीस तो. तो आवाज तुझ्या गळ्यातून जाऊन वीस वर्षं झाली असतील. मी विसरलेसुद्धा होते, तो ऐकल्यावर आठवला. तो ऐकणारे आता मी आणि कोप्रेस दोघंच होतो, आणि त्याने तो एकच दिवस, तू त्याला रांजणांमागे थांब हं म्हणालीस तेव्हा, ऐकला होता.

वडिलांनी पाणी घातलं. पाणी पडल्याबरोबर त्याचा चेहरा कोरडा झाला, तासाभरात खार काळा पडला. चाळीस दिवसांचं सगळं एकदम झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला आपल्या लोकांत पुरलं. माझा आवाज परत आला आहे, पण घोगरा. तापसोईला मी भिंतीवरून हाक मारली तर ती किंचाळली. खमीर मात्र तिने दिलं.

मी रोज त्याच गोष्टीवर विचार करते. आम्ही त्याला विचारत होतो, की आईला सोडतोस का. ज्याला आईनेच सोडलेलं, तो कुणाला सोडणार होता? त्याच्यापाशी सोडायला काही नव्हतं, म्हणून तो अडला होता. तो खोटं हो कसं म्हणेल? त्याचा स्वभाव तुला माहीत आहे. तू नाही म्हणालीस तेव्हा त्याला सोडता येईल अशी आई मिळाली.

वडिलांनी मला विचारलं, की पुरताना त्याच्या गळ्यात बांधायच्या लाकडी पट्टीवर काय लिहायचं. आमच्याकडे नुसतं नाव आणि भाऊ एवढंच लिहितात. मी त्यांना म्हटलं, आणि परत फुटलेल्या आवाजातलं ते माझं पहिलंच बोलणं होतं, की कोप्रेस, आई हेरास, असं लिहा. त्यांनी स्वतःच्या हाताने तसं लिहिलं.

तेव्हा ताई, आता तू स्वतःला दोष देऊ नकोस. ह्या वेळी तू त्याला सोडलं नाहीस. तोच तुला सोडून गेला, मोठी झालेली मुलं आईला सोडून जातात तसा.

भावोजींना नमस्कार. माझ्यावर आजवर केलीस तेवढीच माया यापुढेही कर, त्याच्या वाटची थोडी मला दिलीस तरी चालेल.

तुझी दिदिमे